परमहंस सभा आणि निवडीचा अधिकार

मनुष्य ज्या धर्मांत जन्मतो तो त्यानें निवडलेला नसतो. परंतु जाणत्या वयांत आल्यावर तो धर्म आपला म्हणण्यापूर्वीं एकवार बाहेरचें जग पाहण्याची त्याला मोकळीक असावी कीं नसावी, हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेंतील आमिश लोकांनीं त्याचें एक विलक्षण उत्तर काढिलें आहे. तें आमच्याकडील एका अर्धविस्मृत प्रकरणाशेजारीं ठेवून पाहिल्यास दोहोंवरही प्रकाश पडतो, असें आम्हांस वाटतें.

अजाण बालकाच्या बाप्तिस्म्यास अर्थ नाहीं असें म्हणणारा पंथ १५२५ सालीं झूरिक शहरीं निघाला. या मतापायीं फेलिक्स मान्त्स याला १५२७ मध्यें तेथील नदींत बुडवून मारण्यांत आलें. पुढें १६९३ मध्यें याकोब आमान याच्या अनुयायांची शाखा वेगळी झाली. तेच हे आमिश. समजून-उमजून घेतलेला बाप्तिस्मा तोच खरा, असें मानल्यावर घेण्यापूर्वीं नाकारण्याचीही वाट मोकळी ठेवणें ओघानेंच आलें. म्हणून सोळाव्या वर्षापासून बाप्तिस्मा घेईपर्यंत मुलामुलींना पुष्कळ सैल सोडतात. बहुतेक मुलें घरींच राहतात व समवयस्कांच्या मेळाव्यांत जातात. कांहीं चारचौघांसारखे कपडे घालतात, मोटारी हांकतात. आईबापांना तें ठाऊक असतें, पण तीं डोळेझांक करतात. अखेर पांचांपैकीं चारांहून अधिक मुलें पंथांतच राहतात.

आतां मुंबईकडे वळूं. येथेंही गेल्याच्या मागच्या शतकांत मिशनऱ्यांच्या शाळांतून शिकणाऱ्या मुलांपुढें हाच प्रश्न उभा राहिला. पण त्याचा निवाडा घरांत न होतां कचेरींत होऊं लागला. सन १८३९ मध्यें धनजीभाई नवरोजी या सोळा-सतरा वर्षांच्या पारशी तरुणानें ख्रिस्ती दीक्षा घेतली, तेव्हां न्यायालयानें त्याला इच्छेस येईल तिकडे जाण्याची मोकळीक दिली. सन १८४३ मध्यें नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण ठरला व न्यायालयानें त्याला बापाच्या हवालीं केलें. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मिशनऱ्यांच्या घरीं तो राहिला-जेवला, एवढेंच. पण तेवढ्यानें घरचें दार लागलें. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावें असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनीं उचलला, आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गांत दोन तट पडले. ज्या घरांत परत येणें इतकें कठीण, तेथील मुलानें बाहेर पाऊल टाकावें तरी कोणत्या भरंवशावर?

या धड्याची छाया सहा वर्षांनीं स्थापन झालेल्या परमहंस सभेवर स्पष्ट दिसते. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे प्रेरक आणि राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष. देव एक, मनुष्यजात एक, हें तिचें तत्त्व. आणि त्याची कसोटी बौद्धिक नव्हे, तर चक्क खाण्यापिण्याची होती. जातिभेद सोडल्याची खूण म्हणून नव्या सभासदाला परजातीयाच्या हातचा पाव सर्वांसमक्ष खावा लागे. मात्र ‘सर्वांसमक्ष’ म्हणजे बंद दाराआड. सभेचें सारें काम गुप्त चाले. पुरेसें संख्याबळ जमल्यावर उघड व्हावें असा बेत होता. तो दिवस उगवलाच नाहीं. सन १८६० च्या सुमारास सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, सभासदांचीं नांवें बाहेर पडण्याचें भय पसरलें, आणि सभा पांगली.

या तरुणांना भित्रे म्हणणें सोपें आहे. सभेंत कांहीं काळ वावरलेले बाबा पदमनजी यांनीं १८५४ मध्यें बेळगांवीं उघडपणें ख्रिस्ती दीक्षा घेतली. त्यांच्याशेजारीं इतर सभासद फिके दिसतात, हें खरें. पण आमच्या मतें दोष केवळ व्यक्तींचा नव्हे. आमिश मुलाचें बाहेर हिंडणें आईबापांस ठाऊक असतें, म्हणून त्याचें परत येणेंही निवड ठरते. परमहंसांचें बाहेर जाणें चोरटें होतें. साहजिकच त्यांचें परतणेंही चोरटें झालें. पाव खाल्ला तोही अंधारांत आणि सोडला तोही अंधारांत! अशा स्थितींत मनुष्य जुनेंही मनापासून स्वीकारीत नाहीं, नवेंही नाहीं.

आमिशांची व्यवस्था निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. बाप्तिस्म्यानंतर पंथ सोडणाऱ्यावर तेथेंही कडक बहिष्कार पडतो. त्यांचीं मुलें आठव्या इयत्तेपुढें शाळेंत जात नाहींत, व १९७२ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यास मान्यताही दिली. इतक्या थोड्या शिदोरीवर निघालेल्या मुलाला बाहेरचें जग कितपत परवडणार? मोकळीक देणें एक आणि ती वापरण्याचें सामर्थ्य देणें दुसरें. आमच्या परमहंसांपाशीं विद्या होती, मोकळीक नव्हती. आमिश मुलापाशीं मोकळीक आहे, विद्या तोकडी.

असो. परमहंस सभेचा प्रयत्न अगदींच वाया गेला नाहीं. तिच्या कांहीं जुन्या सभासदांच्या पुढाकारानें १८६७ मध्यें प्रार्थनासमाज निघाला. त्यानें जात मोडण्याची शपथ कोणावर लादली नाहीं, पण दारें उघडीं ठेवून उपासना केली. आज भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावर चहाबरोबर पाव खाणारा तरुण, तो कोणी भाजला हें विचारीत नाहीं. ज्या घांसासाठीं एका पिढीनें दारें लावून घेतलीं, तो आज बिनमोल झाला आहे. परंतु त्याच तरुणानें उद्यां घरीं येऊन आपल्या पसंतीची सून परजातीची आहे असें सांगितलें, तर किती घरांचीं दारें उघडीं राहतील? परमहंसांना हंसण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या उंबरठ्याकडे एकवार पाहावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.