१५ नोव्हेंबर १९३९ : न्यूयॉर्कमध्ये पिकासोची चाळीस वर्षे

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पाब्लो पिकासोच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीचे प्रदर्शन या दिवशी सुरू झाले. संचालक आल्फ्रेड बार यांनी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या साथीने तीनशेहून अधिक कलाकृती जमवल्या होत्या. युरोपात महायुद्ध पेटून जेमतेम अडीच महिने झाले होते.

अशा वेळी प्रदर्शनातल्या ‘गेर्निका’ या चित्रासमोर उभे राहून पाहणाऱ्यांना काय वाटले असेल! २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी बेचिराख केलेल्या स्पेनमधल्या बास्क गावाचे हे चित्र ३.५ मीटर उंच, जवळपास ७.८ मीटर रुंद आहे. रंग फक्त काळा, पांढरा, करडा. डावीकडे मेलेले मूल कवटाळून आई आक्रोश करते आहे. तिची जीभ सुरीच्या पात्यासारखी टोकदार. युद्धाचा इतका थेट धिक्कार चित्रकलेत क्वचितच झाला असेल.

स्पेनमध्ये नागरी स्वातंत्र्य परत येईपर्यंत चित्र तिकडे जाऊ नये, या इच्छेवर पिकासो ठाम राहिला. १९७३ मध्ये तो गेला, १९७५ मध्ये हुकूमशहा फ्रँको. ‘गेर्निका’ माद्रिदला पोहोचले ते १९८१ मध्ये.