काळा रंग कुठे हरवला?

२००९ सालची चवथ जवळ आली होती. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली होती आणि घरातला जुना, पोटवाला टीव्ही बदलायचा होता. पणजीतल्या दुकानात दोन सपाट पडदे शेजारी लावले होते, एक प्लाझ्मा आणि एक एलसीडी. एलसीडी कसा झगझगत होता! मी तोच उचलला. रात्री बाबा जुना कृष्णधवल चित्रपट बघायला बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, ह्यात रात्र काळी दिसतच नाही. राखाडी दिसते."

मी कला शाखेचा पदवीधर, फायलींत रमणारा कारकून. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो.

जुन्या टीव्हीची नळी जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ साली बनवली. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवरच्या लेपावर आदळला की तेवढा ठिपका उजळतो. झोत नाही तिथे काळोख. प्लाझ्माही त्याच घराण्यातला. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी तो तयार केला, तोही करमणुकीसाठी नव्हे, तर संगणकावरून विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी! दोन काचांमधल्या इवल्याशा कप्प्यांतला वायू विजेने चेततो आणि प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड देतो.

एलसीडीची गोष्ट वेगळी. १८८८ साली राइनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. तोच द्रवरूप स्फटिक. त्याचा पडदा अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९६८ साली जगाला दाखवला. आजच्या एलसीडी टीव्हीत मागे दिवा असतो आणि स्फटिक खिडकीच्या झडपेसारखे उजेड अडवतात. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच. बाबांची राखाडी रात्र ती हीच.

मग प्लाझ्मा का हरला? त्याला वीज जास्त लागे, एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा डाग उरे आणि लहान आकारात बारीक ठिपके बसवणे कठीण होते. एलसीडी मात्र घड्याळ, मोबाइल, संगणक सगळीकडे चालला, त्यामुळे कारखाने त्याचेच वाढले. शिवाय दुकानातल्या ट्यूबलाइटांखाली तोच उठून दिसे. आम्ही टीव्ही बघतो घरातल्या मंद दिव्यात, पण निवडतो दुकानात! पॅनासोनिकने २०१३ साली प्लाझ्मा बनवणे थांबवले आणि पुढच्याच वर्षी सॅमसंग व एलजीनेही.

पण ती जुनी वाट बुजली नाही. १९८७ साली कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर विजेने उजळवून दाखवला होता. त्यातूनच ओएलईडी आला. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. 'एलईडी' म्हणून जो सर्रास विकला जातो, तो मात्र मागे एलईडी दिवे लावलेला एलसीडीच, हे लक्षात असू द्या.

गेल्या महिन्यात पुन्हा दुकानात गेलो. ह्यावेळी बाबांना घेऊन. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. मी दुकानदाराला म्हटले, "जरा दिवे मालवता का?" तो हसला, पण मालवले.

बाबा दोन्ही पडद्यांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग ओएलईडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही रात्र."

ठरवला होता त्यापेक्षा लहान आकाराचा घेतला. खिशाला तेवढाच परवडला.