रोशेलचे मीठ आणि त्यानंतर

वाचकहो, ही हकीकत एका मिठाची आहे. पण ते जेवणातले नव्हे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरात सेन्येत नावाच्या औषधविक्यांनी ते तयार केले आणि सौम्य जुलाब म्हणून विकले. त्यात सोडियम-पोटॅशियम हे धातू, आणि द्राक्षांत सापडणाऱ्या टार्टारिक आम्लाचा सेंद्रिय भाग. हे मिश्रकुळ ध्यानात ठेवा.

१९२०-२१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हालासेक या तरुण विद्यार्थ्याने या मिठाच्या स्फटिकाला विजेचा दाब दिला आणि काढून घेतला. पहातो तो, आतले विद्युत्-ध्रुव दाब गेल्यावरही शिल्लक! उलटा दाब दिला, तेव्हा कुठे ते उलटले. लोखंडी चुंबक असाच वागतो. म्हणून या गुणाचे नाव पडले फेरोइलेक्ट्रिक. फेरम म्हणजे लोखंड, आणि या मिठात लोखंड औषधालाही नाही!

दाबल्यावर वीज देणारा म्हणून हा स्फटिक ग्रामोफोनच्या पिकपमध्ये आणि मायक्रोफोनमध्ये जाऊन बसला. पण तो नाजूक. दमट हवेत विरघळायचा. आणि त्याचा फेरोइलेक्ट्रिक गुण उणे १८ ते २४ अंश सेल्सिअस एवढ्याच पट्ट्यात. नागपूरच्या मे महिन्यात तो काय टिकणार?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका, रशिया आणि जपान येथे जवळपास एकाच वेळी बेरियम टायटनेट पुढे आले. ते १२० अंशांपर्यंत टिकते. त्याची घडण पेरोव्हस्काइटची. हे नाव उरल पर्वतातल्या, १८३९ साली गुस्ताव्ह रोझने वर्णिलेल्या खनिजाचे. अणूंचा एक पिंजरा, त्यात टायटॅनियमचा अणू मध्यापासून किंचित सरकलेला. ते सरकणे म्हणजेच ध्रुव. सेंद्रिय मिठे मग मागे पडली. मात्र ही चिनीमातीसारखी द्रव्ये हजार अंशांच्या वर भाजावी लागतात, आणि त्यांतल्या फार वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात शिसे असते.

१९७८ साली जर्मनीत डीटर वेबर यांनी पेरोव्हस्काइटच्या पिंजऱ्यात अणूऐवजी मिथिलअमोनियम हा सेंद्रिय आयन बसवला. इथे सारा मामला पालटतो. आजवर आधी द्रव्य सापडे, मग गुण कळे. आता हवा तो गुण मनाशी धरून रेणू निवडता येतो. कसा म्हणाल? गोल रेणू उष्णतेत भोवऱ्यासारखा फिरतो आणि गार झाल्यावर थांबतो. पण तो सर्व बाजूंनी सारखा असेल तर तोंड कुठे करणार? म्हणून रसायनज्ञ त्याचा गोलपणा मुद्दाम थोडा बिघडवतात. २०१८ साली चीनमधल्या नानजिंग येथे श्योंग रेन-गेन यांच्या गटाने अशा रेणूला एक मिथाइल गट जोडला, आणि धातूविना पेरोव्हस्काइट घडवले. त्याचे ध्रुवीकरण दर चौरस सेंटिमीटरला २२ मायक्रोकूलॉम, म्हणजे बेरियम टायटनेटच्या जवळपास. आणि गुण टिकतो १७५ अंशांपर्यंत. भट्टी नको, शिसेही नको.

पण मिश्रकुळाची जुनी खोड अजून आहेच. सौरघटांमुळे गाजलेले मिथिलअमोनियम लेड आयोडाइड दमट हवेत ठेवून पहा: काळा थर फुटून पिवळे लेड आयोडाइड मागे उरते.