पन्नास वर्षांचा अनुभव

लहानपणी दिवाळीचा किराणा आणायला आई मला पाठवी. दोन दुकानांत भाव विचारल्याखेरीज पिशवी भरायची नाही, असा तिचा दंडक. मला त्याचा भारी कंटाळा! निविदा आणि तपासण्या यांचा असाच कंटाळा मोठमोठ्या कारभाऱ्यांनाही येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराची हकीकत या बाबतीत ऐकण्याजोगी आहे.

हे शहर एरी कालव्याने वाढवले. ३६३ मैलांचा हा कालवा १८२५ साली पुरा झाला. त्याची कामे सर्वांत कमी रकमेच्या निविदेला द्यावीत, असा कायदा झाला. पण ठेकेदार वस्ताद! अंदाजपत्रकात माती फार, खडक थोडा असे. ते मातीचा दर नाममात्र आणि खडकाचा भरमसाट लावीत. बेरीज कमी येई. काम पदरात पडले, की खडक वाढत जाई! १८७५ साली गव्हर्नर टिल्डन यांनी कागदच पुढे मांडले. दहा ठेक्यांच्या निविदा सुमारे सव्वाचार लाख डॉलरच्या. दिले गेले होते साडेपंधरा लाखांवर.

पुढे बफेलोला उतरती कळा लागली. १९५० साली ५ लाख ८० हजारांची वस्ती २०१० साली २ लाख ६१ हजारांवर आली. २०१२ साली राज्याने शहराच्या उद्धारासाठी शंभर कोटी डॉलर जाहीर केले. कामाला विलंब नको, म्हणून मोठा पैसा सरकारी विद्यापीठाशी संलग्न अशा एका खाजगी संस्थेमार्फत खर्च झाला. तिला राज्याचे खरेदी-नियम लागू नव्हते. विद्यापीठाचे करार आधी तपासण्याचा राज्याच्या हिशेब-नियंत्रकाचा अधिकारही २०११ सालीच काढून घेतलेला होता.

जुन्या पोलाद कारखान्याच्या जागी सौरपत्र्यांचा कारखाना उभा राहिला; राज्याचे ७५ कोटी डॉलर त्यात गेले. बांधकामाच्या जाहिरातीत अट होती, शहरात पन्नास वर्षांचा अनुभव हवा! नंतर तिथे १५ आले. पन्नास ही म्हणे छपाईची चूक. २०१८ साली संगनमताच्या आरोपावरून शिक्षा झाल्या. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. कारण, ज्या तत्त्वावर खटला उभा होता तेच फसवणुकीच्या कायद्यात बसत नव्हते. दरम्यान २०२२ साली राज्याने कायदा करून हिशेब-नियंत्रकाचा अधिकार परत दिला.

नियम असतानाही टोळी झालीच होती, हे खरे. नियम म्हणजे काही रामबाण नव्हे. पण त्यांच्यामुळे कागद राहतो, आणि तो पाहणारा तिऱ्हाईत राहतो. सूट दिली, की आधी जातो तो हा तिऱ्हाईत.

आईला भाव विचारून दोन पैसे वाचवायचे होते, असे तेव्हा वाटे. आता वाटते, घरी आल्यावर तिला चार प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठीच ते होते.