एका कुत्र्याची दोन चरित्रे

पिट बुल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक हिंस्र जनावर उभे राहते. त्याचे चाहते मात्र त्याला ‘मुलांची दाई’ म्हणून गौरवतात. घरात हा कुत्रा पाळावा की नाही, हा वाद बहुधा या दोन प्रतिमांमध्येच अडकून पडतो. त्या कशा घडल्या, हे म्हणूनच पाहायला हवे.

इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५च्या कायद्याने बंद झाला. कुत्र्यांच्या झुंजींवरही बंदी आली. पण झुंज बंद दाराआड लावता येत असे. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर करण्यात आला. ‘पिट’ म्हणजे झुंजीचा आखाडा. हे कुत्रे स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेले आणि १८९८मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबने त्यांना अधिकृत जात म्हणून नोंदवले. १९३६मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यांना स्वीकारले ते ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ या नावाने. आखाडा नावातून वगळला गेला.

पुढे खलनायक ठरलेला हा कुत्रा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेचा लाडका होता. पहिल्या महायुद्धाच्या भित्तिचित्रांत तो अमेरिकेचे प्रतीक म्हणून आला, तर ‘अवर गँग’ या चित्रपटमालिकेत मुलांचा सवंगडी म्हणून. १९७०च्या दशकात चोरट्या झुंजींविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि १९७६मध्ये संघराज्याचा कायदा झाला. या प्रसिद्धीचा परिणाम उलटाच झाला. दरारा निर्माण करू पाहणाऱ्यांना हाच कुत्रा हवासा वाटू लागला. १९८७मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर तो दात विचकताना दिसला. त्या काळच्या वर्णनांत शहरांतील गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांविषयीची भीतीही मिसळली होती. १९८९मध्ये डेन्व्हर शहराने, तर १९९१मध्ये ब्रिटनने त्याच्यावर बंदी घातली.

‘दाई’ ही बिरुदावलीही फारशी प्राचीन नाही. तिचा माग १९७१मधील एका अमेरिकी वृत्तपत्रलेखापर्यंत जातो. आणि तो लेखही पिट बुलच्या भाऊबंदांपैकी स्टॅफर्डशायर बुल टेरियरविषयी होता.

मग खरा स्वभाव कोणता? २००७मध्ये मायकेल व्हिक या फुटबॉलपटूच्या आवारातून झुंजीचे सुमारे पन्नास कुत्रे जप्त झाले. त्यांना सरसकट मारून न टाकता प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घेण्यात आली. त्यांतील बहुतेक वाचले आणि काही तर कुटुंबांत रमले. २०२२मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीने स्पष्ट होतात. परंतु म्हणून धोका काल्पनिक ठरत नाही. अशा बळकट कुत्र्याने चावा घेतला, तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

डेन्व्हरच्या मतदारांनी २०२०मध्ये बंदी उठवली. पाळणाऱ्यांना परवान्याची अट मात्र घातली. या तडजोडीत एक शहाणपण आहे. ‘हिंस्र’ या दंतकथेमुळे निरुपद्रवी कुत्रा केवळ चेहऱ्यावरून मारला जातो. ‘दाई’ या दंतकथेमुळे पालक मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडून निर्धास्त होतात. पहिलीचा बळी कुत्रा असतो, दुसरीचा मूल. समोरचा कुत्रा कसा वाढला, त्याला कोणी काय शिकवले, हे पाहण्याचे कष्ट मात्र दोन्ही दंतकथा वाचवतात.