जुन्या व्हाइसचं वय आणि व्यंग



तत्त्वज्ञानाच्या माणसाला व्हाइसवर बोलायला का बोलावलं, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. त्याचं उत्तर बोलण्याच्या ओघात येईलच. आधी वस्तूकडे येऊ. दोन जबडे, एक स्क्रू, एक नट आणि फिरवायला दांडा, एवढाच व्हाइस. पुस्तकी मराठीत त्याला शेगडा म्हणतात, पण कामावरच्या माणसाच्या तोंडी व्हाइसच आहे, म्हणून मीही तोच शब्द वापरणार.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असा गंजलेला व्हाइस समोर आला, की गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतं. पहिला, कुठला आहे? दुसरा, चालेल का? पहिला प्रश्न इतिहासाचा आणि दुसरा दुरुस्तीचा, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की दोन्हींची उत्तरं बरीचशी एकाच जागी असतात, आणि ती जागा म्हणजे अंगावर ओतलेलं नाव नव्हे. ती जागा आत लपलेला नट. नाव सगळे बघतात, नट कुणी बघत नाही.

आता नट एवढा महत्त्वाचा का? थोडं मागे जाऊ. लोखंडी कांबीवर बाहेरून आटे पाडणं कष्टाचं असलं तरी शक्य होतं. खूण करून कानशीने घासत बसायचं. पण भोकाच्या आत आटे कसे पाडणार? तिथे कानस पोचतच नाही. जुन्या लोहारांनी यावर जी युक्ती काढली तिला मी मनापासून दाद देतो. तयार स्क्रूच्या आट्यांमधल्या खाचेत लोखंडाची पट्टी गुंडाळायची, ते वेटोळं एका नळीत बसवायचं आणि पितळेने झाळून टाकायचं. झाला नट. १६७८ च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ मॉक्सनने कारागिरीवर लिहायला सुरुवात केली, आणि त्यात लोहाराच्या व्हाइसच्या भागांचं वर्णन आहे. जबड्यांना कानशीसारखे काप द्यावेत आणि ते चांगले कडक करावेत, हे तो तेव्हाही सांगतो.

हा पायाचा व्हाइस. त्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जातो, घणाचा घाव त्या पायातून जमिनीत उतरतो, टेबलावर येत नाही. असा व्हाइस मिळाला तर स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि नळीत बॅटरीचा झोत टाका. आट्यांच्या मुळाशी पिवळी रेघ दिसली तर तो झाळलेला नट, म्हणजे जुनी पद्धत. आणि त्याचा नेहमीचा रोगही तिथेच असतो. झाळ सुटली की वेटोळं नळीत फिरतं. दांडा फिरत राहतो, जबडा काही आवळत नाही. वयाची खूण आणि व्यंगाचं कारण एकच रेघ! पुढे १९व्या शतकात डडलीच्या पीटर राइटने वेटोळ्याशिवायच्या अखंड नटाचं पेटंट घेतलं आणि ते मोठ्या अभिमानाने व्हाइसवर ठोकलं. आज कुणाला त्यात अभिमान वाटण्यासारखं काय, असं वाटेल. पण ज्याचा झाळलेला नट ऐन कामात सुटला असेल त्याला विचारा.

या पायाच्या व्हाइसबद्दल दोन गैरसमज सांगून पुढे जातो, कारण त्यापायी चांगले व्हाइस भंगारात जातात. एक, जबडे समांतर उघडत नाहीत म्हणून तो वाकलाय असं समजतात. वाकलेला नाही, खालच्या खिळीवर तो कमानीत उघडतो, तेव्हा तोंड एका ठरावीक अंतरावरच सरळ जुळणार. दोन, स्क्रू सैल केला तरी जबडा मागे येत नाही, म्हणून स्क्रू अडकला असं म्हणतात. बहुतेक वेळा दोन पायांमधली पट्टीची स्प्रिंग गेलेली असते. लोहार ती थोड्या वेळात करून देतो.

मग स्क्रूचं राज्य बदललं. १८०० च्या आसपास हेन्री मॉडस्लेने स्क्रू कापणारं लेथ पक्कं केलं, आणि त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं मोजमाप सगळ्यांना सारखं असावं असं मांडलं. नट आता यंत्रावर कापता येऊ लागला, बदलता येऊ लागला. बिडाचा समांतर जबड्यांचा व्हाइस, जो आपण आज टेबलावर बघतो, तो याच जगातला. यात नट बहुधा वेगळा तुकडा असतो, अंगात बोल्टने किंवा खिळीने बसवलेला. झीज व्हावी ती स्वस्त, बदलता येणाऱ्या भागाची, ही त्यामागची अक्कल.

म्हणून दुकानदारासमोर एवढं करा. दांडा फिरवा. पाव फेरा फिरला तरी जबडा हलत नसेल, तर झीज नटात आहे की स्क्रूच्या गळ्याशी, हे पाहायला जबडा हाताने पुढेमागे ढकला. जबडा हलतो आणि स्क्रू जागीच राहतो? मग गळ्याचा वॉशर किंवा खिळ गेली, काम किरकोळ. दोघे मिळून हलतात? मग नट झिजलाय. स्क्रू उलटा फिरवल्यावर एकटाच बाहेर येतो आणि जबडा आतच बसतो, हाही गळ्याचाच दोष. आणि स्क्रू नुसता गरगर फिरत असेल, तर घाईने 'आटे गेले' म्हणू नका. खाली वाकून नटाचा बोल्ट जागेवर आहे का बघा. खटक्याने पटकन सरकणाऱ्या व्हाइसमध्ये अर्धा नट असतो. यॉर्कशरमधल्या शिपलीच्या पार्किन्सनचे असे व्हाइस नावाजलेले होते. त्यात कीस आणि वाळलेलं ग्रीस साचलं की अर्धा नट स्क्रूला नीट चिकटत नाही आणि आवळताना घसरतो. ब्रश आणि रॉकेल, एवढाच त्याचा उपचार.

आता नावाकडे येतो. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानलं, पण तो शब्द आप्ताचा हवा. ओतलेलं अक्षर आप्त असतं का? कधी असतं. 'रेकॉर्ड' हे नाव शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्पटन यांनी १९०९ मध्ये घेतलं, म्हणजे त्या नावाचा व्हाइस त्याआधीचा नाही. देशाचं नाव छापायची सवय वाढली ती इंग्लंडच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर. शेफील्डच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जर्मन मालाचा राग त्यामागे होता. हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ मध्ये आला. तेव्हा 'मेड इन इंग्लंड' दिसलं तर व्हाइस बहुधा त्यानंतरचा.

पण साक्षीदार खरा असूनही आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो, असं होतं. शिकागोत ह्यू व्होगल यांनी १९४१ मध्ये सुरू केलेल्या विल्टनच्या व्हाइसवर, सरकत्या भागाच्या पोटाशी खाचेत, महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. लोक ती जन्मतारीख समजतात. पुष्कळ व्हाइसांवर ती पाच वर्षांची हमी संपण्याची तारीख आहे. वय पाच वर्षांनी चुकतं.

आणि साक्षीदार सरळ खोटाही असू शकतो. जुन्या व्हाइसलाच साचा करून दुसरा ओतला, तर अक्षरंही तशीच उठतात. इथे अनुमान उपयोगी पडतं. बीड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसतं. साचे करणारे हे धरून मोजपट्टीच मोठी वापरतात. नक्कल करणारा धरत नाही. म्हणून नक्कल मुळापेक्षा लहान भरते, एक फूट लांबीमागे सुमारे ३ मिलिमीटर. खात्रीच्या अस्सल व्हाइसचं माप हाताशी हवं, आणि मापायचा तो न कापलेला, ओबडधोबड भाग. अक्षरांच्या कडाही बोथट दिसतील. यापेक्षा सुंदर व्याप्ती मला वर्गात क्वचितच सापडली.

नट बदलता येतो. जबड्याच्या पट्ट्या बदलता येतात, दांडाही. मग सगळं बदललं तरी 'तोच हा देवदत्त' असं म्हणायचं का? म्हणायचं, जोवर अंग तेच आहे. कारण सरळपणा अंगात असतो. आणि अंगाचं व्यंग हेच भयंकर. बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं, आणि तेव्हा हात तिथेच असतो. म्हणून अंगावरच्या खुणा वाचा. दांडा वाकलेला असेल तर कुणीतरी त्यावर पाइप चढवून जोर केलाय. दांड्याची लांबी करणाऱ्याने मोजून दिलेली असते, ती वाढवायची नसते. मागच्या सपाट भागावर खळगे असतील तर त्याची ऐरण केली गेली आहे. ताजा जाड रंग दिसला की मी आधी संशय घेतो, मग भाव विचारतो. रंगाखाली वेल्डिंगची शिवण किंवा लांबी भरलेली असते.

भेग शोधायची जुनी रीत रेल्वेच्या कारखान्यांत आसांसाठी वापरत, ती घरीही जमते. रंग खरवडा, संशयाच्या जागी रॉकेल फासा, पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. हलकेच हातोडी मारा. भेग असेल तर आतलं रॉकेल खडूवर काळी रेघ काढतं. त्यानंतर चार कागदाच्या पट्ट्या जबड्याच्या चार कोपऱ्यांत धरून आवळा आणि एकेक ओढून बघा. वरच्या दोन्ही सुटल्या तर सरकता जबडा मान टाकतोय, म्हणजे सरक झिजली. एका बाजूच्या सुटल्या तर आधीचा मालक वर्षानुवर्षं एकाच टोकाला काम धरत होता.

भावाचं विचाराल तर, नट गेलाय आणि अंग शाबूत आहे असा व्हाइस भंगाराच्या भावाने खुशाल घ्या. टर्नरकडे स्क्रूही सोबत न्या, कारण चौकोनी आटे स्क्रूवर जुळवूनच कापावे लागतात, आणि नट गनमेटलचा करून मागा. गंजासाठी साखर कारखान्याची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. वास सहन करायची तयारी ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. अंगाला भेग असेल तर नाव शेफील्डचं असो की शिकागोचं, कामासाठी घेऊ नका. मात्र स्क्रू आणि दांडा चांगले असतील तर तेवढे मागून बघा. दुकानदार बहुतेक वेळा वजनावर देतो.