पिवळ्या पिनेची गोष्ट

मुळशीला तारा नव्या नाहीत. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१मध्ये सेनापती बापट लढले. तरी धरण झालं, जमिनी बुडाल्या आणि वीज तारांवरून मुंबईला गेली. मला याच तालुक्यातल्या एका घरातली छोटी वायर आठवते.

२००५च्या व्हिडिओ आयपॉडचा पडदा अडीच इंचांचा, एकट्यापुरता. वायर टीव्हीला जोडली, की पिवळ्या पिनेतून चित्र येई, लाल-पांढऱ्यांतून आवाज. सेटिंगमध्ये आपल्याकडची ‘पाल’ पद्धत निवडावी लागे. मग लग्नाच्या चित्रफितीतले दिवंगत आजोबा सगळ्या घराला भेटत.

अशा पिना अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३०च्या दशकात रेडिओ-ग्रामोफोनसाठी आणल्या होत्या. पुढे एचडीएमआय आलं. आयपॉडही २०२२मध्ये बंद झाला. पण मुळशीतून बाहेर नेणाऱ्या तारांबरोबर माणसं एकत्र आणणारी ही तारही इतिहासात नोंदवायला हवी.